सुईणीची साक्ष

१८५६ सालच्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या जिल्हा न्यायालयापुढे एक अर्ज सुनावणीला आला. अर्जदार १४ जण होते: दोन बायका, त्यांची मुले आणि त्यांतल्या एकीची लहानगी नात. समोर रॉबर्ट स्मिथ नावाचा एक गोरा शेतकरी. ही सगळी माझ्या कुटुंबातली माणसे आहेत, माझ्याबरोबर राजीखुशीने टेक्सासला निघाली आहेत, असे त्याचे म्हणणे होते. त्या दोघींपैकी बिड्डी तेव्हा ३७ वर्षांची होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याहून मोठी अडचण ही की तिला त्या न्यायालयात बोलायचीच सोय नव्हती. कॅलिफोर्नियाच्या १८५० च्या फौजदारी आणि १८५१ च्या दिवाणी कायद्याने गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष अग्राह्य ठरवली होती. खटला तिच्या जन्माच्या सुटकेचा होता, पण त्यात तिचा शब्द पुराव्यात धरला जाणार नव्हता. न्यायाधीश बेंजामिन हेज यांनी यातून एक वाट काढली. तिला भर कोर्टात उभी न करता त्यांनी आपल्या खोलीत बोलावले, दोन प्रतिष्ठित नागरिकांना तिथे बसवून घेतले आणि मग तिला विचारले. ती बोलली ते थोडकेच. सांगितले ते काम आपण नेहमी करत आलो, पण टेक्सासच्या या प्रवासाची धास्ती पहिल्यापासून वाटत होती, एवढाच त्याचा आशय. १९ जानेवारीला हेज यांनी १४ जणांना मुक्त ठरवले. बिड्डीने पुढे मेसन हे आडनाव लावले आणि ३५ वर्षे त्याच गावात सुईणपण केले.

अमेरिकेत तिची गोष्ट बहुधा जमीनजुमल्याची गोष्ट म्हणून सांगतात. गुलाम होती, सुटली, २५० डॉलरला जमीन घेतली, धनवान झाली. हे सगळे घडले आहे, पण या सांगण्यात शेवटची कडी पहिली होऊन बसते. जमीन आली ती तिची पत होती म्हणून, म्हणजे लोकांनी तिच्यावर टाकलेल्या विश्वासाच्या जोरावर. ही पत तिला न्यायालयाने दिली नाही. न्यायालयाने तिला मोकळे केले, पण तिच्या शब्दाचे मोल कायद्याच्या लेखी शून्यच राहिले. ते मोल तिने बाळंतिणीच्या खोलीत उभे केले, आणि तेही गुलामीत शिकलेल्या कामातून. मालकाने तिच्याकडून सारे काही घेतले, पण हातातले कसब मात्र तो घेऊ शकला नाही. ते हिशेबाच्या वहीत मांडता येत नव्हते, म्हणूनच त्याच्या हाती लागले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते तपासून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

बिड्डीचा जन्म १८१८ चा, आणि तिचे ऐन तारुण्य मिसिसिपीत स्मिथच्या मालकीत गेले. त्या मुलखात बाळंतपणाला जो अर्थ होता तो नीट लक्षात घेतला पाहिजे. व्हर्जिनियाच्या वसाहतीने १६६२ मध्ये कायदा करून ठरवून टाकले की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या स्थितीवरून ठरेल. बाप कोण, याला महत्त्व उरले नाही. हा नियम मग दक्षिणेत सगळीकडे पसरला. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला बंदी झाली, आणि गुलामांची संख्या वाढायची तर ती इथल्याच बायकांच्या कुशीतून वाढणार होती. म्हणजे कापसाच्या मळ्यावरची प्रत्येक सुखरूप बाळंतीण ही मालकाच्या मत्तेत पडलेली भर होती. वासराच्या जन्मासारखीच मुलाच्या जन्माचीही नोंद वहीत होई. अशा जागी सुईण हवीच, आणि ती बहुधा गुलाम बायकांपैकीच एक असे. शेजारच्या मळ्यावर, कधी गोऱ्यांच्या घरी तिला पाठवत आणि तिच्या कामाचे पैसे मालक घेत. मात्र ती काय करते, कोणते मूळ उकळते, बाळंतिणीच्या कानात काय सांगते, हे मालकाला कळायला वाव नव्हता. दक्षिणेतल्या डॉक्टरांच्या त्या काळच्या लिखाणात एक तक्रार वारंवार येते: गुलाम बायका कपाशीच्या मुळाची साल घेऊन गर्भ पाडतात आणि म्हाताऱ्या सुईणींना ते ठाऊक असते. तक्रार करणाऱ्यांची काळजी मालमत्तेची होती. तिच्याकडे उलट्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या व्यवस्थेत गुलामाचे शरीर, वेळ, मुले सगळे मालकाचे, तिथे सुईणीजवळ अशी एक विद्या होती जिची झडती घेता येत नव्हती. बिड्डी हे सारे कोणत्याही शाळेत न जाता, हातांच्या सवयीने आणि वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून शिकली.

१८४८ मध्ये स्मिथ कुटुंब मॉर्मन पंथाच्या लोकांबरोबर पश्चिमेला निघाले. गुलामांना विचारायचा प्रश्नच नव्हता. मिसिसिपीपासून सॉल्ट लेकच्या खोऱ्यापर्यंतची दीड हजार मैलांहून मोठी वाट बिड्डीने बहुतेक पायी तुडवली. गाड्यांच्या तांड्यामागून गुरे हाकणे हे तिचे काम. सर्वांत मागे चालणाऱ्याच्या वाट्याला पुढच्या सगळ्या चाकांची आणि खुरांची धूळ येते. तिच्याबरोबर तिच्या तीन मुली होत्या, एलेन दहा वर्षांची, ॲन चार वर्षांची आणि हॅरिएट अंगावर पिणारी. मुक्काम आला की चूल पेटवायची, रांधायचे, पहाटे पुन्हा सारे बांधून चालू लागायचे. आणि तांड्यात कुणाला वेणा सुरू झाल्या की गुरे दुसऱ्या कुणाच्या हवाली करून तिकडे धावायचे. मैदानात, गाडीच्या ताडपत्रीखाली, पाणी दूर असताना केलेली ही बाळंतपणे तिच्या कसबाची खरी परीक्षा म्हटली पाहिजेत. मळ्यावर निदान एखादी जाणती बाई मदतीला असे. इथे मूल पायाळू निघाले किंवा वार अडकली तर जे काही करायचे ते तिनेच करायचे. १८५१ मध्ये स्मिथ पुन्हा हलला आणि मॉर्मनांनी दक्षिण कॅलिफोर्नियात वसवलेल्या सॅन बर्नार्डिनोला आला. इथे त्याच्याकडून एक चूक झाली, आणि ती पुढे त्याला भोवली.

कॅलिफोर्निया ९ सप्टेंबर १८५० रोजी गुलामी नसलेले राज्य म्हणून अमेरिकेत सामील झाले होते. त्याच्या घटनेत गुलामीला स्पष्ट मनाई होती. तरी दक्षिणेतून आलेले मालक सोन्याच्या खाणीत आणि शेतांवर गुलाम राबवत होते, आणि १८५२ च्या एका कायद्याने तर राज्य होण्यापूर्वी आणलेले गुलाम परत घेऊन जायची मालकांना मुभाच दिली. स्मिथ मात्र राज्य झाल्यानंतर आला होता. तो कायदा मुदतीचा होता आणि १८५५ मध्ये त्याची मुदतही सरली. स्मिथला हवा कुठल्या दिशेची आहे ते कळले असावे, म्हणून तो टेक्सासला निघण्याच्या तयारीने सांता मोनिकाच्या डोंगरातल्या एका दरीत तळ ठोकून बसला. टेक्सासात पोचल्यावर कॅलिफोर्नियाच्या घटनेचा कागद निरुपयोगी ठरला असता. पण लॉस एंजेलिसात रॉबर्ट ओवेन्स नावाचा एक काळा गृहस्थ होता. स्वतःचे स्वातंत्र्य त्याने पैसे मोजून घेतले होते, आता घोडे-खेचरांचा धंदा करत होता आणि हाताखाली गुराखी बाळगून होता. त्याचा मुलगा चार्ल्स आणि बिड्डीची थोरली एलेन यांचे जुळले होते. एलिझाबेथ फ्लेक रोवन ही पूर्वी गुलाम असलेली बाईही या खटपटीत होती. त्यांनी शेरीफला खबर पोचवली, ओवेन्सचे गुराखी घोड्यावर बसले, आणि स्मिथचा तळ उठण्यापूर्वी ही १४ माणसे न्यायालयाच्या ताब्यात आली. सुनावणी चालू असताना अर्जदारांच्या वकिलाने १०० डॉलर घेऊन अंग काढून घेतले. निकालाच्या वेळी स्मिथ स्वतःही फिरकला नाही.

इथे कुणी म्हणेल की मग श्रेय कायद्याचे आणि हेज यांचे, सुईणपणाचा यात काय संबंध? निकाल मोलाचा होता, आणि मी त्याचे मोल कमी करत नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ते गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याचा गौरव म्हणून. पुण्यात बसून इतक्या दूरचे ओळखणाऱ्या जोतीरावांचे मन मोठे होते, आणि ज्यांचा गौरव त्यांनी केला ते लोकही खरेच होते. पण लॉस एंजेलिसच्या या प्रकरणात सदाचारी न्यायाधीशाच्या दारापर्यंत अर्ज नेला तो काळ्या माणसांनी, स्वतःच्या घोड्यांवर बसून. शिवाय निकालाने काय दिले तेही पाहावे. या बायकांवर कुणाची मालकी नाही, असे त्याने सांगितले. त्या कुठे राहतील, काय खातील, आणि उद्या कुणी पुन्हा पकडायला आला तर त्यांचे कोण ऐकेल, याबद्दल निकाल काही बोलला नाही, बोलूही शकत नव्हता.

ही भीती कल्पनेतली नव्हती. निकालानंतर चौदाच महिन्यांनी, मार्च १८५७ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉटच्या खटल्यात काळा माणूस अमेरिकेचा नागरिकच असू शकत नाही असे ठरवले. १८५८ मध्ये आर्ची ली या तरुणाचे प्रकरण कॅलिफोर्नियाच्याच सर्वोच्च न्यायालयात गेले. तत्त्व म्हणून मालकाचा हक्क पोचत नाही हे न्यायालयाला दिसत होते. तरी मालक वयाने लहान आणि तब्येतीने नाजूक आहे असे सांगून न्यायालयाने आर्चीला त्याच्याच हवाली केले. पुढे दुसऱ्या मार्गाने आर्ची सुटला, आणि सुटल्यावर देश सोडून ब्रिटिश कोलंबियाला निघून गेला. साक्षीची बंदी तर काळ्या लोकांपुरती उठली ती १८६३ मध्ये. म्हणजे सुटकेनंतरची सात वर्षे बिड्डीला भररस्त्यात कुणी गोऱ्याने लुबाडले असते, तरी त्याच्याविरुद्ध तिचे बोलणे न्यायालयाने ऐकले नसते. घराण्यात सांगत आलेली एक गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. कामाला निघताना ती एक मोठी काळी पिशवी घेई. तीत सुईणीचे साहित्य असे, आणि त्याच्याच शेजारी हेज यांनी दिलेले मुक्ततेचे कागद. नाळ कापायची कात्री आणि आपण कुणाच्या मालकीचे नाही हे सांगणारा कागद, दोन्ही एकाच पिशवीत. मध्यरात्री हाक आली तर अंधारात एकट्या काळ्या बाईने गावातून जायचे म्हणजे दोन्ही जवळ हवेत. कागद तिला अडवणाऱ्यासाठी होता, आणि कात्री तिची वाट पाहणाऱ्या घरासाठी. माझ्या दृष्टीने तिचा सारा इतिहास या पिशवीत आहे, आणि तीतल्या दोन वस्तूंपैकी वर्षानुवर्षे कामी आली ती कात्री.

बाळंतपणाच्या खोलीत अधिकार कुणाचा असतो हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. घरचा कर्ता पुरुष उंबऱ्याबाहेर, सासू असली तरी ती सुईणीच्या तोंडाकडे बघत, आणि अडलेल्या बाईचे सारे लक्ष एका आवाजाकडे. आता कळ सोस, आता जोर लाव, आता थांब. ‘थांब’ कधी म्हणायचे हे ज्या बाईला कळते तिच्या शब्दावर दोन जीव तरतात. १८५० च्या जनगणनेत लॉस एंजेलिसची वस्ती १,६१० होती, त्यात काळी माणसे जेमतेम डझनभर. पाच-सहा वर्षांनीही ते मातीच्या विटांच्या घरांचे आणि धुळीच्या रस्त्यांचे गाव होते, स्पॅनिश बोलणारे मेक्सिकन, मूळचे अमेरिकन इंडियन आणि नव्याने आलेले गोरे यांचे. अशा गावात कोणती सुईण हाताला चांगली आहे हे लपत नाही. बिड्डी श्रीमंतांच्या घरी गेली, मेक्सिकन घरांत गेली, गरिबांच्या खोपटांत गेली. या कामातच ती स्पॅनिश बोलायला शिकली. तिने शेकडो मुलांना जगात आणले असे सांगतात. न्यायालयाच्या दारात जिचा शब्द अडवला जाई, तिचाच शब्द त्याच गावातल्या माजघरांत अखेरचा मानला जाऊ लागला. यातून आपोआप न्याय झाला असे मी म्हणत नाही. पण जिच्या हाती आपण बायको आणि मूल सोपवले, ती भाडे बुडवेल किंवा सौदा मोडेल असे म्हणणे कुणालाही जड जाते. पत अशीच तयार होते, एकेका घरातून.

या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप डॉक्टर ग्रिफिनच्या नावाने येतो. जॉन ग्रिफिन हा लष्करात शल्यवैद्य म्हणून कॅलिफोर्नियात आलेला, गावातला वजनदार डॉक्टर. त्याने बिड्डीला दिवसाला अडीच डॉलरवर परिचारिका आणि सुईण म्हणून ठेवले. तेव्हा तिची पत ही खरे तर डॉक्टरच्या आश्रयाची सावली होती, असे म्हणता येते. ग्रिफिनचे घराणे दक्षिणेकडचे होते. त्याची बहीण ज्या आल्बर्ट सिडनी जॉन्स्टनला दिली होती, तो पुढे यादवी युद्धात गुलामी राखणाऱ्या पक्षाचा सेनापती झाला. अशा माणसाने नुकत्याच सुटलेल्या काळ्या बाईला कामावर घेतले ते दयेपोटी, असे मला वाटत नाही. तिचे कसब त्याला हवे होते. त्या काळचे वैद्यक बाळंतपणात सुईणीपेक्षा पुढे होते असेही नाही. व्हिएन्नाच्या इस्पितळात डॉक्टरांच्या कक्षातल्या बाळंतिणी सुईणींच्या कक्षातल्यांपेक्षा कितीतरी जास्त दगावतात, याचा उलगडा सेमेलवाइसने १८४७ मध्ये केला. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर हात न धुता बाळंतिणीला तपासत. जंतुनाशक शस्त्रक्रियेबद्दल लिस्टरचे लेख आले ते १८६७ मध्ये. त्याआधीच्या दशकात जिचे हात वीस वर्षांच्या अनुभवाचे होते, ती डॉक्टरची मदतनीस म्हणून पगार घेत असली तरी त्या खोलीत शिकाऊ नव्हती. ग्रिफिनने तिला दारे उघडून दिली हे खरे. त्या दारांतून दुसऱ्यांदा बोलावणे यायचे ते मात्र तिच्या हाताच्या गुणाने.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला पुरते उत्तर देता येत नाही. दक्षिणेतल्या गोऱ्या घरांना काळी बाई आपल्या माजघरात, आपल्या बाळंतिणीजवळ वावरण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची होती. त्या जवळिकीला समानता म्हणणे चूक ठरेल. बिड्डीला लोक आंट बिड्डी आणि पुढे ग्रँडमा मेसन म्हणत. काळ्या बाईला ‘मिसेस’ म्हणायचे टाळण्यासाठी मावशी-आजी म्हणण्याची रीत दक्षिणेत होती, आणि त्या गोड शब्दांत तिला बरोबरीची न मानण्याची सोय होती. हे सारे मान्य केले तरी एक फरक उरतो. मिसिसिपीत तिने मूल बाहेर काढले की फायदा मालकाच्या वहीत चढे. लॉस एंजेलिसात तेच हात, तेच काम, तीच कात्री, पण पैसे तिच्या हातावर ठेवले जात. काम झाल्यावर ती आपल्या घरी जाई. परवडत नाही अशा घरी ती फुकट जाई, आणि फुकट जायचे हे तीच ठरवत असे. गुलामीत फुकट राबणे आणि सुटल्यावर फुकट जाणे बाहेरून एकसारखेच दिसते. पण दुसऱ्या वेळी देणारी ती होती, आणि आपले आहे तेच देता येते. गोऱ्यांच्या मनात तिच्याविषयी काय होते हे ठरवायची मला गरज वाटत नाही. त्यांच्या सवयीतून आलेल्या विश्वासाचे तिने स्वतःच्या मालकीच्या भांडवलात रूपांतर केले, हे कागदावर दिसते.

तो कागद २८ नोव्हेंबर १८६६ चा आहे. त्या दिवशी तिने स्प्रिंग स्ट्रीटवर तिसऱ्या आणि चौथ्या रस्त्याच्या दरम्यानचे दोन भूखंड २५० डॉलरला खरेदी केले. लॉस एंजेलिसात स्वतःच्या नावावर जमीन घेणाऱ्या पहिल्या काळ्या स्त्रियांपैकी ती एक. अडीच डॉलर रोजाने २५० डॉलर म्हणजे १०० दिवसांची मजुरी. आणि ती साठायला दहा वर्षे लागली. या दोन आकड्यांमधल्या अंतरात मुलींचे जेवण, घरभाडे आणि फुकट केलेली बाळंतपणे आहेत. दस्तावर सहीच्या जागी तिची फुली असे, आणि ती फुली साधी नाही, वळणे घेतलेली, ठसठशीत आहे. अक्षर येत नसणाऱ्या माणसाने आपल्या निशाणीला दिलेले ते वळण मला फार बोलके वाटते. आता या जमिनीवरही आक्षेप आहे. तेव्हा ती जागा गावाच्या टोकाला होती, आजूबाजूला बागा आणि द्राक्षमळे. पुढे १८७६ मध्ये रेल्वे आली, १८८० च्या दशकात दुसरी आली, जमिनींचे भाव कडाडले, आणि १८९० पर्यंत शहर ५०,००० च्या पुढे गेले. मग तिची संपत्ती रेल्वेने केली, तिने नव्हे, असे म्हणणारे निम्मे बरोबर आहेत. भाव रेल्वेने चढवला. पण भाव चढायच्या दहा वर्षे आधी त्या जागेवर नाव असणे, ते खरेदीखत करून देणारा गोरा विक्रेता मिळणे आणि पुढे ते कुणी खोटे ठरवू न शकणे, हे रेल्वेचे काम नव्हते. शिवाय तिने घाईने विकून मोकळे होणे पत्करले नाही. १८८४ मध्ये जागेचा काही भाग १,५०० डॉलरला विकला आणि उरलेल्यावर भाड्याने द्यायला गाळे असलेली इमारत बांधली. ही जागा हातची जाऊ देऊ नका, असे ती मुलांना बजावत असे.

सुईणपणावर एवढा भार देण्याइतका पुरावा आहे का, हा प्रश्न कुणीही विचारावा असा आहे. तिने स्वतः लिहिलेली एक ओळ नाही. तिने केलेल्या बाळंतपणांची यादी नाही. कॅलिफोर्नियात जन्मांची राज्यभर पद्धतशीर नोंद सुरू झाली ती १९०५ पासून, तिच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. न्यायाधीशाचे टिपण, खरेदीखते, जनगणनेच्या नोंदी आणि घराण्याच्या आठवणी, एवढीच सामग्री आहे. त्यांतल्या आठवणी डेलिला बीझली या काळ्या इतिहासकार बाईने कॅलिफोर्नियातल्या निग्रो अग्रणींवरच्या आपल्या १९१९ च्या पुस्तकात नोंदवून ठेवल्या. जमिनीचा दस्त शंभर वर्षे टिकतो, बाळंतपणाचा दस्त कुणी करत नाही. म्हणून जमीन ही तिची ओळख झाली आणि सुईणपण तळटीप झाले. पण दस्त उरला नाही म्हणून काम नव्हते असे होत नाही. त्या २५० डॉलरची मुळे दुसऱ्या कोणत्याही मिळकतीत दाखवता येत नाहीत. तिला वारसा मिळाला नव्हता, नवऱ्याची कमाई नव्हती. मिळकत होती ती सुईणपणाची आणि शुश्रूषेची. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला गावात देवीची मोठी साथ आली तेव्हाही ती रोग्यांजवळ गेल्याचे सांगतात. १८९१ च्या १५ जानेवारीला ती गेली आणि बॉइल हाइट्सच्या एव्हरग्रीन दफनभूमीत तिला पुरले. तिथे नावाचा दगड बसायला १९८८ उजाडले. पुढच्याच वर्षी, जिथे तिचे घर होते त्या जागेवर शिला लेव्हरांट डी ब्रेटव्हिल या कलावतीने काळ्या काँक्रीटची ८० फुटांहून लांब भिंत उभारली. तीवर दशकांच्या क्रमाने तिचे आयुष्य लिहिले आहे आणि वस्तूंचे ठसे उमटवले आहेत. गाडीचे चाक आहे, कुंपणाच्या पट्ट्या आहेत, आणि सुईणीची पिशवी, कात्री, दोऱ्याचे रीळ. ओल्या काँक्रीटमध्ये वस्तू दाबावी तसे हे ठसे दिसतात आणि त्यांवरून हात फिरवता येतो. तिच्या धंद्याचा एवढा स्पष्ट दस्त शहराने प्रथमच केला.

ही पत तिने कशी वापरली, हे सांगितल्याशिवाय तिचे स्वरूप कळणार नाही. १८७२ मध्ये लॉस एंजेलिसातल्या काळ्या लोकांची पहिली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळी तिच्या घरी जमून स्थापन झाली, आणि चर्चचे कर व पाद्रीचा पगार ती कित्येकदा स्वतःच्या खिशातून भरत असे. ती तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जाई. १८८० च्या दशकात पुराने लोकांची घरे वाहून गेली तेव्हा तिने एका किराणा दुकानदाराला सांगून ठेवले की ज्यांचे घर गेले त्यांना, वर्ण न विचारता, हवा तो शिधा द्यावा आणि माझ्या खात्यावर मांडावा. दुकानदाराने तो मांडला. बीझलीने नोंदवलेली ही आठवण मला तिच्या सगळ्या जमिनीपेक्षा मोठी वाटते. खात्यावर मांडा म्हणणे म्हणजे आपला शब्दच पैसा म्हणून पुढे करणे. तीस वर्षांपूर्वी याच गावच्या न्यायालयात तिचा शब्द घ्यायला न्यायाधीशाला दार लावून घ्यावे लागले होते, आणि आता दुकानदार तिच्या नुसत्या तोंडच्या शब्दावर पिठाची पोती बाहेर काढत होता.

शेवटच्या वर्षांत तिची प्रकृती ढासळली. तरी स्प्रिंग स्ट्रीटवरच्या तिच्या दाराशी रोज सकाळी माणसांची रांग लागत असे. कुणाला पैशाची नड, कुणाच्या घरी दुखणे, कुणाला आसरा हवा. नातू रॉबर्ट करी ओवेन्स, म्हणजे एलेन आणि चार्ल्स यांचा मुलगा, सकाळी दार उघडून बाहेर येई आणि आजीला आज उठवत नाही असे सांगून लोकांना परत पाठवी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माणसे पुन्हा येऊन उभी राहत.